दया असीरगडावर : चाहत्यांच्या कथारचनेविषयी थोडेसे

कथा संपली की श्रोता उठून जातो, असा सर्वसाधारण समज आहे. आमचा अनुभव निराळा आहे. काही श्रोते उठतच नाहीत. कीर्तन आटोपून बुवा फराळाला गेले, समया विझल्या, सतरंज्या गोळा होऊ लागल्या, तरी मांडवाच्या खांबाशी बसून 'मग पुढे त्याचे काय झाले असेल हो?' असे विचारणारे कोणी तरी असतेच. आणि उत्तर मिळाले नाही म्हणजे ते स्वतःच उत्तर रचू लागते. आवडत्या कथेतील माणसे घेऊन श्रोत्याने अथवा प्रेक्षकाने स्वतःच्या हौसेने रचलेल्या अशा कथेला अलीकडे 'फॅन फिक्शन' म्हणतात, आणि तीच कथा चित्रांच्या चौकटींत मांडली तर 'फॅन कॉमिक्स'. प्रस्तुत लेखात आम्ही त्यांस 'चाहत्याची कथा' व 'चाहत्याची चित्रकथा' असे म्हणणार आहोत. ह्याहून चांगला शब्द कोणी सुचविल्यास आम्ही तो आनंदाने स्वीकारू.

ह्या विषयाकडे आमचे लक्ष गेले ते विद्याव्यासंगामुळे म्हणावे तर खोटे होईल. ते गेले एका जप्तीमुळे. आमची शाळा असीरगडाच्या पायथ्याशी आहे. बऱ्हाणपुराहून खंडव्याकडे निघालेला रस्ता सुमारे २० किलोमीटरांवर सातपुड्याच्या ज्या वाटेने वर चढतो, तिच्यावर हा गड पहारा देत उभा आहे. उत्तरेकडून दक्षिणेत उतरणारी सैन्ये येथून जात, म्हणून त्याला दक्षिणेचा दरवाजा म्हणत आले आहेत. अकबराने १६०१ मध्ये तो फारुकी सुलतानांकडून घेतला, इंग्रजांनी १८१९ मध्ये तो कायमचा घेतला. आज तेथे पडके तट, एक मशीद, पाण्याचे तलाव, काही इंग्रजी थडगी आणि गुप्तेश्वर महादेवाचे देऊळ एवढे उरले आहे. शाळेचे माध्यम हिंदी असले तरी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांच्या घरी मराठी बोलतात. ती मराठी पुणेरी कानाला चमत्कारिक वाटेल. तीत निमाडी आहे, खानदेशी आहे, आणि बाजारातली हिंदी तर पावलोपावली आहे.

एके दिवशी आठवीच्या वर्गात भूगोलाचा तास चालू असता एका मुलीच्या मांडीवर एक वही उघडी दिसली. आम्ही ती काढून घेतली. पहिल्याच पानावर स्कूटरवर बसलेल्या एका गृहस्थांचे चित्र होते. गृहस्थ 'तारक मेहता का उल्टा चश्मा' ह्या मालिकेतील भिडे मास्तर होते. परंतु त्यांच्या नाकावरचा चष्मा निःसंशय आमचा होता. एका दांडीला दोरा बांधलेला चष्मा ह्या पंचक्रोशीत दुसऱ्या कोणाचा नाही. वही कपाटात गेली आणि दहा दिवस कपाटातच राहिली. त्या दहा दिवसांत आम्ही ती तीनदा वाचली, हे येथे कबूल करणे प्राप्त आहे.

जे वाचक दूरचित्रवाणीपासून दूर राहिले असतील त्यांच्यासाठी दोन शब्द सांगावयास हवेत. ही हिंदी मालिका २८ जुलै २००८ रोजी सुरू झाली. तिचे मूळ गुजराती विनोदकार तारक मेहता यांच्या, 'चित्रलेखा' साप्ताहिकात १९७१ पासून येऊ लागलेल्या सदरात आहे. मुंबईतील गोकुळधाम नावाच्या एका कल्पित वसाहतीत गुजराती, मराठी, पंजाबी, तमिळ अशी कुटुंबे शेजारी शेजारी राहतात. जेठालाल गडा हा विजेच्या उपकरणांचा व्यापारी सदैव कोणत्या तरी संकटात सापडलेला असतो. त्याची पत्नी दया हसत आणि गरबा खेळत ते संकट वाढवीत असते. वडील चंपकलाल रागावत असतात. मुलगा टपू उपद्व्याप करीत असतो. पत्रकार पोपटलाल छत्री काखेत मारून लग्नासाठी मुलगी शोधीत असतो. आत्माराम तुकाराम भिडे हे मराठी गृहस्थ घरी शिकवण्या घेतात आणि वसाहतीचे सेक्रेटरी म्हणून मिरवतात. त्यांची पत्नी माधवी लोणची-पापड करून विकते. त्यांच्या जुन्या स्कूटरचे नाव 'सखाराम'. कोणतीही गोष्ट निघाली की आपल्या जमान्याचा दाखला देण्याची त्यांना सवय आहे. (शिक्षकवर्गाच्या ह्या चित्रणाविषयी आम्हाला थोडे बोलावयाचे आहे, पण ते पुन्हा केव्हा तरी.)

अशा मालिकेस 'सिटकॉम' म्हणतात. तिचे यंत्र समजून घेतल्याखेरीज चाहत्यांना तिचीच ओढ का लागते, हे उमगणार नाही. कादंबरीत माणसे बदलतात. येथे ती बदलत नाहीत. जागा ठरलेली, माणसे ठरलेली, त्यांच्या खोडी ठरलेल्या. नवा असतो तो केवळ प्रसंग. प्रसंग येतो, खोडीवर खोडी आदळते, गोंधळ शिगेस पोहोचतो आणि अखेरीस सर्व काही पूर्ववत होते. मराठीला हे यंत्र परके मुळीच नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'सुदाम्याचे पोहे' लिहिले ते सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ह्या तीन ठरलेल्या माणसांच्या आधारे; आणि हे कोल्हटकर आमच्यापासून फार दूर नसलेल्या जळगाव-जामोदला वकिली करीत, ह्याचा आम्हा तापीकाठच्या मंडळींना थोडासा अभिमान आहे. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ तर ह्या यंत्राचे आदर्श नमुने होत. ते पुस्तकांतून १९४० मध्ये 'लग्न पहावे करून' ह्या बोलपटात गेले आणि १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनच्या मालिकेत गेले. तिन्ही ठिकाणी त्यांना ओळखावयास वाचकाला क्षणभरही लागला नाही.

ज्याला अद्याप कथा रचता येत नाही अशा बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हाती हे यंत्र पडले म्हणजे काय होते, ते पाहा. माणसे आयती मिळतात. त्यांची बोलण्याची लकब आयती मिळते. वाचणाऱ्या सोबत्यांना त्यांचा परिचय करून द्यावा लागत नाही. उरते ते फक्त एक काम : 'अमुक घडले तर हा माणूस काय करील?' कथारचनेतील हा मूळ प्रश्न होय, आणि नवशिक्याला तो एकटा, सुटा करून मिळतो. निबंधाच्या तासाला 'पावसाळ्यातील एक दिवस' लिहिताना ज्याची लेखणी चौथ्या ओळीवर अडते, तोच मुलगा जेठालाल पावसात अडकल्यावर चार पाने लिहितो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

परंतु केवळ सोपेपणामुळे कोणी रात्र जागवून वही भरीत नाही. त्याला दुसरे कारण आहे, आणि आमच्या मते तेच मुख्य आहे. प्रत्येक लाडक्या कथेत काही जागा राहिलेल्या असतात. उपर्युक्त मालिकेत अशा तीन जागा मुलांच्या तोंडी सारख्या असतात. एक, पोपटलालचे लग्न, जे वर्षानुवर्षे जुळता जुळता मोडत आले. दुसरी, दयाची आई. दया अडचणीत सापडली की तिला दूरध्वनी करते, परंतु ती आई पडद्यावर कधी कोणाला दिसली नाही. तिसरी जागा सर्वांत मोठी : २०१७ मध्ये स्वतः दयाच मालिकेतून दिसेनाशी झाली. ती अहमदाबादला आईकडे गेली आहे, असे सांगण्यात आले; आणि त्यानंतर वर्षामागून वर्षे गेली. घरात जेठालाल आहे, बापूजी आहेत, टपू आहे. स्वयंपाकघर रिकामे आहे. ह्या रिकाम्या स्वयंपाकघरात चाहते शिरतात.

त्या वहीतील कथा अशी. गोकुळधामची मंडळी सहलीला बऱ्हाणपुरास येतात आणि मास्तरांच्या आग्रहास्तव असीरगड चढू लागतात. जेठालालला धाप लागते. तो प्रत्येक वळणावर गड उतरण्याचे नवे निमित्त शोधतो. भिडे मास्तर गडाची हजेरी घेत चालतात. वर देवळाशी संध्याकाळ होते, आणि अंधारातून कपाळाला फडके बांधलेला एक धिप्पाड माणूस पुढे येतो. तो अश्वत्थामा. पोपटलाल त्याची मुलाखत घेऊ पाहतो. मास्तर खिशातून पावतीपुस्तक काढून म्हणतात की आपण इतकी वर्षे ह्या जागेत राहता, तेव्हा देखभालीची वर्गणी पुष्कळ थकली आहे. (ह्या चौकटीपाशी आम्ही कपाटाच्या दारामागे उभे राहून हसलो.) अश्वत्थामा खाली मान घालून सांगतो की माझ्यापाशी एक मणी होता, तो पूर्वीच काढून घेतला. तेवढ्यात देवळाच्या आतून कोणी तरी हसते. ते हसू सर्वांच्या ओळखीचे असते. हातात तेलाची वाटी आणि हळद घेऊन दया बाहेर येते. ती अहमदाबादला गेलीच नव्हती. वाटेत हा माणूस जखमेला तेल मागताना भेटला. जखम भळभळत होती. ती बरी झाल्यावर निघू, असे म्हणत ती राहिली. जखम काही बरी होईना, म्हणून तिला उशीर झाला.

येथवर आम्ही तीन वेळा आलो आणि तिन्ही वेळा वही मिटून बसलो. त्या मुलीची आई दोन वर्षांपूर्वी माहेरी गेली ती परत आली नव्हती, हे आम्हाला पुढे वर्गशिक्षिकेकडून कळले. त्याविषयी अधिक लिहिणे योग्य नाही.

अश्वत्थामा ह्या कथेत कोठून आला, हे इकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. सौप्तिक पर्वात श्रीकृष्ण त्याला शाप देतो : तीन सहस्र वर्षे तू एकटाच पृथ्वीवर हिंडशील, तुझ्याशी कोणी बोलणार नाही. शाप उच्चारून कथा पुढे निघून जाते. तो कोठे गेला, काय खातो, कोणाला भेटतो, ह्याबद्दल ग्रंथ बोलत नाही. महाभारतासारख्या ग्रंथात राहिलेली ही जागा केवढी मोठी आहे! आणि ती आमच्या पंचक्रोशीतील लोकांनी भरली. तो असीरगडावर राहतो, पहाटे सर्वांच्या आधी गुप्तेश्वराची पूजा करून जातो, देऊळ उघडावे तो पिंडीवर ताजे फूल आढळते, असे येथील आबालवृद्ध सांगतात. नर्मदेची परिक्रमा करणारे लोक तो शूलपाणीच्या झाडीत भेटतो म्हणतात. कोणी त्याला तेल देतो, कोणी पीठ देतो. मराठी भाषेने तर त्याची जखम आपल्या वाक्प्रचारांत जपून ठेवली आहे. श्रद्धेचा भाग आपण बाजूस ठेवू. कथारचनेच्या दृष्टीने पाहिले तर ही चाहत्यांनी रचलेली कथाच होय. ज्याचा व्यासांनी पुढे विचार केला नाही, त्याच्या जखमेची चिंता येथील बायाबापड्यांनी केली. आमच्या विद्यार्थिनीने ह्या दोन राहिलेल्या जागा एकमेकींस जोडल्या, एवढेच.

विद्वान वाचक म्हणतील की लोककथा वेगळी आणि ग्रांथिक साहित्य वेगळे. तर मग भासाकडे वळू. १९१२ पासून त्रिवेंद्रम येथे गणपतिशास्त्री यांनी जी १३ नाटके प्रकाशात आणली, त्यांतील महाभारतावरची नाटके ह्या दृष्टीने वाचून पाहावीत. 'पंचरात्रा'त द्रोण गुरुदक्षिणा म्हणून पांडवांचा राज्यभाग मागतो, पांडव पाच रात्रींत सापडावेत अशी अट पडते, ते सापडतात, आणि दुर्योधन अर्धे राज्य देऊन टाकतो! युद्धच टळले. हा 'असे झाले असते तर' ह्या जातीचा खेळ आज जगातले चाहते मोठ्या आवडीने खेळतात. 'मध्यमव्यायोगा'त घटोत्कच एका ब्राह्मणाच्या मधल्या मुलाला 'मध्यमा, मध्यमा' अशा हाका मारतो आणि 'ओ' देतो मधला पांडव भीम; बापलेकांची एकमेकांशी ओळख नाही, आणि त्यातून जो गोंधळ उडतो तो गोकुळधामात सहज खपावा. मूळ महाभारतात हा प्रसंग नाही. भासाला घटोत्कच आणि हिडिंबा ह्यांच्या घरात डोकावून पाहावेसे वाटले. आमच्या मोरोपंतांना रामकथा एकदा सांगून समाधान झाले नाही. निरोष्ठ रामायण, परंतु रामायण अशी नवनवीन बंधने स्वतःवर घालून ते ती पुनःपुन्हा सांगत राहिले, आणि त्यांच्या नावावर १०८ रामायणे मोजली जातात. भास आणि मोरोपंत यांस आठवीतल्या मुलीच्या पंक्तीस बसविल्याबद्दल आम्हास दोष देणारे देवोत. प्रतिभेचे अंतर कोण नाकारतो? ओढ मात्र एकाच जातीची आहे.

आता स्वतःविषयी. १९८४ मध्ये दूरदर्शनवर 'ये जो है ज़िंदगी' ही हिंदी विनोदी मालिका सुरू झाली. तिचे लेखक शरद जोशी. ते आमच्याच प्रांताचे, उज्जैनचे. दिवाळीच्या सुट्टीत इंदुरास मामांकडे आम्हाला तिचे दोन भाग पाहावयास मिळाले. सतीश शहा दर भागात निराळ्याच सोंगात येत, ह्याचे आम्हाला विलक्षण नवल वाटले. सुट्टी संपली, घरी दूरचित्रवाणी नव्हती, पुढचे भाग इंदुरात दिसत राहिले आणि आम्हाला दिसेनात. तेव्हा भूमितीच्या वहीच्या मागच्या पानांवर आम्ही ते लिहू लागलो. आमच्या भागांत सतीश शहा बऱ्हाणपूरच्या हातमागवाल्याच्या सोंगात येत, जिलबीवाल्याच्या सोंगात येत, एकदा तर आमच्या गणिताच्या शिक्षकांच्या सोंगात आले. आणि तो भाग नेमका त्या शिक्षकांच्याच हाती पडला. त्यांनी पाने फाडली, हे ठीकच झाले असे आम्ही पुढे अनेक वर्षे समजत होतो. स्वतः शिक्षक झाल्यावर आम्हीही तशाच किती वह्या घेतल्या, त्याचा हिशेब आम्ही ठेवलेला नाही.

दहा दिवसांनी आम्ही त्या मुलीला बोलावून वही परत दिली आणि कथा आवडल्याचे सांगितले. तिने वही उघडून शेवटचे लिहिलेले पान पाहिले आणि शांतपणे म्हटले, "सर, पुढचा भाग डोक्यात तयार होता. आता आठवत नाही."

चित्रकथेच्या बांधणीविषयी थोडे लिहिले पाहिजे, कारण तेथे ही मुले आमच्या अपेक्षेपेक्षा पुष्कळच पुढे आहेत. पानाचे सहा भाग पाडावयाचे. मोठा प्रसंग असेल तर दोन चौकटी एक करावयाच्या. तोंडावळा काढणे कठीण, म्हणून प्रत्येकाची एक खूण धरावयाची : पोपटलालची छत्री, बापूजींची टोपी आणि धोतर, जेठालालच्या मिशा आणि नक्षीदार सदरा, भिड्यांचा सखाराम. खूण आली की माणूस आला. मालिकेत टपूचे काम करणारे नट एकामागून एक बदलत गेले. वहीतला टपू मात्र पहिल्यापासून तोच आहे. ह्याबद्दल विचारता एका मुलाने आम्हाला सांगितले, "सर, आमचा टपू मोठा होत नाही." संवादाच्या फुग्यात दहा-बारा शब्दांपेक्षा अधिक मावत नाहीत, त्यामुळे निबंधातला सारा फापटपसारा आपोआप गळून पडतो. काटकसरीचा हा धडा आम्हाला व्याकरणाच्या पुस्तकातून आजवर देता आला नव्हता.

आणि भाषा. मालिका हिंदी, शाळा हिंदी, परंतु ह्या वहीत भिडे आणि माधवी एकमेकांशी मराठीत बोलतात, कारण 'घरात ते मराठीच बोलत असणार ना, सर?' हा तर्क बिनतोड आहे. माधवी बोलते ती आमच्याकडच्या बायकांसारखी. अश्वत्थामा मात्र पोथीतल्यासारखा बोलतो : 'मजला तैल द्यावे', 'मी बहुत दुःखी असे'. ही भाषा आली कोठून? तिची आजी श्रीधराचा 'पांडवप्रताप' वाचते. ज्या मुलीने शाळेत मराठीचे एक पानही लिहिलेले नाही, तिने तीन तऱ्हांची मराठी तीन तोंडी वेगवेगळी घातली. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ आहेत. 'ळ'च्या जागी हिंदीच्या सवयीने अनेकदा 'ल' पडला आहे. पण 'जखम भळभळते' हे शब्द तिने अचूक लिहिले आहेत. ते ऐकून लिहिलेले आहेत. सीमेपलीकडील मराठीच्या भवितव्याविषयी आम्ही पुष्कळ ठराव ऐकले आणि एक-दोन मांडलेही. त्यांपैकी एकानेही मुलाच्या हातून शंभर पाने मराठी लिहून घेतल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

बाहेरच्या जगात ह्या छंदाने केवढे रूप घेतले आहे, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत 'स्टार ट्रेक' ही अंतराळप्रवासाची मालिका १९६६ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिच्या चाहत्यांनी स्पॉक ह्या पात्राच्या नावावरून 'स्पॉकनेलिया' हे हौशी नियतकालिक काढले. जपानात अशा स्वप्रकाशित पुस्तिकांना 'दोजिन्शी' म्हणतात. समानधर्मी मंडळींचे नियतकालिक, असा त्याचा अर्थ. पूर्वी साहित्यिक मंडळेच ती काढीत. २१ डिसेंबर १९७५ रोजी टोकियोत त्यांची पहिली मोठी जत्रा भरली, तीत ३२ मंडळे आणि सुमारे ७०० माणसे आली. आता त्या जत्रेला लाखांनी लोक जमतात. आमच्याकडे ह्याला समांतर अशी एक सुंदर प्रथा होतीच : शाळा-महाविद्यालयांतील हस्तलिखित. वळणदार अक्षर, रंगीत मुखपृष्ठ, एकच प्रत, आणि ती हातोहात फिरून कोपरे झिजलेले. ते अंक आम्ही कपाटांत कुलूपबंद केले आणि मग मुले लिहीत नाहीत म्हणून हळहळू लागलो.

कायद्याचा प्रश्न पालक हटकून विचारतात. १९५७च्या आपल्या लेखाधिकार कायद्याप्रमाणे मूळ कृतीचे रूपांतर करण्याचा हक्क हक्कदाराचा असतो. मात्र खाजगी वापरासाठी केलेल्या उचित उपयोगाला त्याच कायद्याच्या ५२व्या कलमात सवलत आहे. दप्तरातली वही आणि बाजारात विकावयास ठेवलेली वस्तू ह्यांत भेद आहे. ह्याच मालिकेच्या निर्मात्यांच्या दाव्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पात्रांच्या अनधिकृत वापरास मनाई करणारा अंतरिम आदेश दिला. त्या दाव्याचा रोख परवानगीवाचून माल विकणाऱ्यांवर आणि चित्रफिती पसरविणाऱ्यांवर होता. तेव्हा मुलांस आम्ही इतकेच सांगतो की पैसे घेऊ नका आणि हे मूळ आपले आहे असे म्हणू नका. ज्यांना अधिक मोकळीक हवी त्यांच्यासाठी एक आनंदाची वार्ता आहे. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी हा हक्क संपतो, चिं. वि. जोशी १९६३ मध्ये वारले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील मुदत २०२३च्या अखेरीस संपली. चिमणराव आता कोणाच्याही घरी पाहुणे म्हणून येऊ शकतात. ते असीरगड चढू लागल्यास गुंड्याभाऊ वाटेत काय करतील, हे लिहून पाहण्याचा मोह आम्हाला स्वतःला झाला आहे.

सगळ्याच वह्या वाखाणण्याजोग्या असतात असे नाही. पुष्कळांत केवळ मारामारी असते. एका वहीत जेठालालने आकाशात उडून शत्रूंचा नाश केला. तेव्हा लेखकाच्या सोबत्यांनीच त्याला अडविले की जेठालाल असे करणारच नाही, तो आधी मेहतासाहेबांकडे सल्ल्याला जाईल. पात्राशी इमान राखण्याची ही कसोटी आम्ही शिकवली नव्हती. ती त्यांनीच ठरविली आणि निष्ठुरपणे लावली. एरवी आमच्या वर्गात टीका म्हणजे भांडण. येथे मात्र वाद झाला, लेखक रागावला, आणि दुसऱ्या दिवशी पान बदलून घेऊन आला.

गेल्या वर्षापासून शाळेत हस्तलिखित पुन्हा सुरू केले आहे. वर्षाला एक अंक, एक प्रत. आम्ही शुद्धलेखनापुरतेच हात लावतो, आणि तोही पेन्सिलीने. भिडे मास्तरांना आमचा चष्मा घालण्यास परवानगी आहे. पहिल्या अंकासाठी त्या मुलीने पुढचा भाग नव्याने रचून दिला. पूर्वीचा तिला आठवला नाही, आणि हा त्याहून बरा आहे की कमी, हे आम्हाला कधी कळणार नाही. त्यात दया गडावरून आईला दूरध्वनी करते. जुन्या पद्धतीचा, वेटोळ्या तारेचा तो दूरध्वनी फार काळजीपूर्वक काढला आहे. तार दोन चौकटींतून खाली उतरत पानाच्या कडेपर्यंत गेली आहे. पलीकडे कोणी नाही. आईचे चित्र का काढले नाही, असे आम्ही विचारले. तिने आमच्याकडे जरा आश्चर्याने पाहिले.

"ती तर कुणी पाहिलीच नाही ना, सर."